पावडर लागू पडली का उठबस?

"आजी, याला सार्कोपेनिया म्हणतात," जव्हारच्या दवाखान्यातली डॉक्टरीण बोलली. "वय झालं की अंगातलं मांस झिजतं, ताकद जाते. तुमचं जरा जास्तच झिजलंय."

मी म्हटलं, म्हातारपणाला पण नाव ठेवलं का आता?

पण तिचं खरं होतं. पोशेऱ्याला, आमच्या गावी, मी ते लपवून होते. खाली बसले की उठता यायचं नाय. धाकटी जाऊ कमळी हात द्यायची. एकदा ती बाजाराला गेली, तर चूल विझली तरी मी तिथंच बसलेली. पोरगा ठाण्याला कामाला आहे. ते त्याच्या कानावर गेलं. तो बोलला, "आये, उठता नाय येत तर इथं नको राहू. माझ्या खोलीवर चल." ती खोली मी बघितलीय. खाट आणि भिंत. एकदा तिथं गेले की परत येणं नाय, हे मला कळत होतं.

दवाखान्यात रक्त घेतलं, लघवी घेतली. बाकड्यावर बसून ऊन कललं. मंग हाताची ताकद मोजायचा एक दांडा दिला, जोराने आवळा म्हणे. काटा हलला न हलला. खुर्चीवरून हात न लावता उठा म्हणे. एकदा उठले, दुसऱ्यांदा धपकन बसले.

पोरगा सोबत आलेला, त्याने ताकदीच्या पावडरीचं विचारलं. डॉक्टरीण बोलली, "त्यात प्रोटीन असतं, म्हणजे मांस धरायला लागतं ते अन्न. जेवणात कमी पडलं तर पावडरीने भरून निघतं. पण नुसती पिऊन बसलं तर काही होत नाही. डाळ, अंडी, मासळी खा. रोज उठबस करा. किडनी, म्हणजे रक्त गाळणारा अवयव, तुमची ठीक आहे. घ्यायची तर घ्या."

पोराने डबा आणला. वर उघड्या अंगाचा गडी छापलेला. कमळी बोलली, "बाय, हा गडी येल का तुला उठवाया?"

उघडला तर अर्धा रिकामा! पोरगा म्हणे, असाच येतो. मला तिथंच शंका आली. अर्धा डबा हवा विकणारा उरलेल्या अर्ध्यात काय घालत असेल?

आमच्यात नाचणीला नवीन खत घालतात तेव्हा एक कोपरा तसाच सोडतात. पीक खताने आलं का पावसाने, ते मंग कळतं. मी कमळीला म्हटलं, तू तो कोपरा हो. तिचे पण पाय काडीसारखे. जेवण दोघींचं एकच, उडदाची डाळ, सुकट, घरच्या कोंबडीची अंडी. सकाळी ओट्यावर उठबस दोघींची. पावडर एकट्या मला.

आधी मांड्या ठणकल्या. शेजारणी हसायच्या, "म्हाताऱ्यांना मास्तराने शिक्षा केली वाटतं!" थंडी सरत आली तशी मी भिंत धरून उठायला लागले. कमळी मात्र भिंतीशिवाय.

फोनवर सांगितलं तर पोरगा म्हणे, "काकी चोरून पीत असेल."

ते मनात बसलं. डबा मी पेटीत ठेवला. कमळी जवळ आली की तिच्या तोंडाचा वास घ्यायची. एवढी वर्षं एका चुलीवर जेवलो, कधी भाकर मोजली नाय. शेवटी विचारलंच, "कमळे, खरं सांग. पावडर खाल्लीस?"

ती भांडी घासत होती, थांबली. "तुझा पेला विसळून पिते. अन्न आहे ना ता? सांडू कसा?"

म्हणजे माझ्या कोपऱ्यात खत वाहून गेलेलं.

डॉक्टरणीला सांगितलं तर ती हसली. "विसळणीत कितीसं जाणार? आणि दोन माणसांवरून पावडरीचं खरंखोटं ठरत नाही, आजी. नीट जेवलात, उठबस केलीत, त्याचा फायदा नक्की. पावडरीचा त्यात वाटा किती, मला सांगता येणार नाही."

सांगता येणार नाय म्हणाली, म्हणून त्या बाईवर माझा विश्वास बसला.

डबा संपला, दुसरा आणू दिला नाय. उठबस सोडली नाय. तुमचे पाय असे झाले तर लपवू नका, आधी दवाखान्यात जा. डबा घेऊ नका असं मी सांगत नाय. पण तो विकणाऱ्याला विचारून घेऊ नका.

होळीला पोरगा न्यायला आला. पिशवी भरायला लागला. मी अंगणात खाली बसले, हात छातीशी बांधले. कमळी पुढे आली, तिला डोळ्यांनीच थांबवलं. आधी कललेच. मंग गुडघा टेकला, मांडी थरथरली, आणि उभी राहिले.

पोराने पिशवीतलं माझं लुगडं काढलं आणि परत दांडीवर टाकलं.