पट्टी भरणारा इनामदार

शेषराव मिस्त्रींना अख्खं गाव इनामदार म्हणतं. डोंगरकड्याच्या अलीकडं फाट्यावर उतरून आत चालत या आणि कुणालाही विचारा, "इनामदारांचं घर कुठं?" माणूस आधी हसेल आणि मग बौद्धवाड्याच्या टोकाचं निळं विटांचं घर दाखवील.

खरं म्हणजे गावात इनामदार वेगळेच. तातेरावांच्या आजोबांना निजामाच्या काळात नदीकाठची काळी जमीन इनाम मिळालेली, सारा माफ. ते इनाम कधीच गेलं. तातेराव आता चारचौघांसारखे हळदीच्या भावाला शिव्या देत पारावर बसतात आणि त्यांना इनामदार म्हणायचं कुणाच्या ध्यानातही येत नाही. उलट शेषरावांच्या सात पिढ्यांत कुणी बांधावर उभं राहून 'हे माझं' म्हटलेलं नाही. तरी इनामदार तेच. कारण त्यांच्या दाराच्या चौकटीवर लाल ऑइल पेंटनं लिहिलेलं होतं : 'बालवाडी. घरपट्टी माफ.'

ही माफी मिळाली त्याला पंचवीसएक वर्षं झाली. तेव्हा बालवाडी मारुतीच्या सभामंडपात भरायची. शनिवारी भक्त यायचे, एकादशीला भजन, लग्नसराईत वऱ्हाड. मग लेकरं पिंपळाखाली. पंचायतीनं गावात खोली मागितली. ज्याची खोली रिकामी होती त्याला एकदम बैल बांधायची आठवण झाली, आणि ज्याच्याकडं बैल नव्हते त्याच्या पोराचं लग्न ठरलं. शेषरावांनी नुकत्याच स्वतःच्या हातानं दोन खोल्या आणि पुढं ऐसपैस पडवी बांधली होती. गिलावा अजून ओला होता.

"बसू द्या लेकरं," त्यांच्या बायको पद्माबाई म्हणाल्या. "आपली पल्लवीबी बसंल त्याच्यात."

भाडं द्यायला पंचायतीकडं काही नव्हतं. ग्रामसेवकानं डोकं खाजवून तोड काढली : लेकरं घरात आहेत तोवर या घराला पट्टी नाही. ठराव झाला, पेंटर आला, चौकट रंगली आणि त्याच संध्याकाळी पारावरून हाक आली, "या इनामदार, बसा!"

बालवाडी सुरू झाली आणि गावात तापाची साथ आली. म्हणजे असं, की तेव्हाच्या सेविका शिलाबाई सकाळी लेकरं गोळा करायला निघायच्या. बौद्धवाड्यातली लेकरं नाक पुसत पळत यायची. वरच्या आळीत मात्र प्रत्येक दारात एकच उत्तर, "आज अंगात कणकण हाय वो त्याच्या." कणकणीतलं लेकरू तेव्हा मागच्या अंगणात कोंबडीला दमवत असायचं. महिनाभर ही साथ हटेना, आणि एकाही घरानं डॉक्टर बोलावला नाही. दुखणं कुठलं आहे ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

साथ हटवली ती तातेरावांच्या स्वप्निलनं. पोरगं चार वर्षांचं, खाण्याला वाघ. एका दुपारी मटकीच्या उसळीचा वास घेत ते एकटंच उतार उतरून आलं आणि ओळीत मांडी घालून बसलं. पद्माबाईंनी शिलाबाईंकडं बघितलं, शिलाबाईंनी पद्माबाईंकडं. दोघींनी ताट वाढलं. दुसरा घास तोंडात जातोय तोच पोराची आई, पार्वतीबाई, दारात हजर. पदर खोचलेला, श्वास चढलेला.

शेषराव त्या दिवशी घरीच होते. थापी धूत होते, ती धूतच राहिले.

पार्वतीबाईंनी पोराकडं बघितलं. पोरानं आईकडं बघितलं आणि घाईघाईनं तिसरा घास कोंबला.

"आता खाल्लंच हाय तं पुरतं खाऊ द्या मेल्याला," पार्वतीबाई म्हणाल्या आणि पायरीवर टेकल्या. बराच वेळ पदरानं वारा घेत बसल्या. मग कुणाकडंच न बघता म्हणाल्या, "उन्हाचा लई दम लागला. पाणी द्या बरं जरा."

पद्माबाईंनी घरातल्या माठातून तांब्या भरून आणला. पार्वतीबाईंनी तो तोंडाला लावला आणि रिकामा करून परत दिला. दुसऱ्या दिवसापासून गावातला ताप गेला.

शेषराव ही गोष्ट सांगताना तांब्यापाशी आले की थांबतात. तंबाखू मळायला घेतात.

मग त्या घराचं हळूहळू काहीतरीच होत गेलं. मिस्त्रींनी तिसरी पायरी फोडून तिच्या दोन बुटक्या पायऱ्या केल्या. पाण्याच्या टाकीची तोटी गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवली. भिंतीत कोनाडे पाडले तेही लेकरांच्या हाताला येतील असे. पाहुणे आले की तोटीशी वाकून वाकून बेजार व्हायचे. "हे घर काय बुटक्यांसाठी बांधलं का?" एका व्याह्यांनी विचारलं. "मालक बुटकेच हायेत ना," शेषराव म्हणाले. दुपारी काम नसलं की ते पडवीत आडवे व्हायचे आणि चार-दोन मालक त्यांच्या पोटावर चढून बसायचे. पल्लवी मोठी होऊन नांदेडला नर्स झाली, मुलगा धम्मानंद पुण्याला कंपनीत लागला, पण घर काही रिकामं पडलं नाही. शिलाबाई जाऊन ज्योती सेविका झाली. 'आज्जा, शी आली' ही आरोळी मात्र तीच राहिली.

आणि मग अंगणवाडीची नवी इमारत मंजूर झाली. शाळेच्या बाजूला जागा, कळमनुरीचा ठेकेदार, मुन्ना त्याचं नाव. मुन्नानं गावात चौकशी केली : चांगला मिस्त्री कोण? गावानं एका तोंडानं सांगितलं, शेषराव. सांगताना कुणी हसलं नाही, हे विशेष.

शेषरावांचा हात म्हणजे यंत्र. सकाळी पाया दाखवा, संध्याकाळी खिडकीपर्यंत भिंत. पण या कामावर त्या हाताला काय झालं कोण जाणे. आज विटा बराबर भाजलेल्या न्हाईत. उद्या रेतीत माती हाय. परवा भिंत पाणी पिऊन राहिली, पिऊ द्या. हळद लावायच्या दिवसांत सुरू झालेलं काम, हळद छातीएवढी झाली तरी खिडकीपाशीच.

"चाचा, अंगनवाडी है, ताजमहल नहीं," मुन्ना कपाळाला हात लावून म्हणायचा.

"लेकरांची इमारत हाय. घाई करून चालतंय का?"

एक दिवस तर कमाल झाली. शेषरावांनी उभी केलेली मागची भिंत स्वतःच पाडायला घेतली. म्हणे ओळंब्यात नाही. मुन्ना धावत आला, त्यानं ओळंबा सोडला. दोरी भिंतीला अशी चिकटून उभी राहिली की जणू भिंतीवर काढलेली रेघ. मुन्नानं मिस्त्रींकडं बघितलं. मिस्त्री शाळेच्या घंटेकडं बघत होते.

बातमी त्यांच्याआधी घरी पोचली. जेवताना पद्माबाईंनी भाकरी वाढली आणि विचारलं, "भिंत सरळ व्हती म्हणं."

"कोण म्हणलं?"

"गाव म्हणून राहिलं. काहून पाडली?"

शेषराव भाकरीचे तुकडे करत राहिले. तुकडे झाले, तुकड्यांचे तुकडे झाले.

"लेकरं तिकडं गेली तं घर लई मोठं व्हईल गं," ते शेवटी म्हणाले. "आणि मग इकडं कोण उतरतंय?"

पद्माबाईंना ते 'इकडं' बरोबर कळलं. त्याही त्या तांब्याच्या वेळी तिथंच होत्या.

"ज्योती किती वर्षांपासून बोंबलून राहिली, लेकरांना संडास न्हाई म्हणून," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यात मागं नाल्याकडं नेते, ध्यान ठेवते, एखादं घसरंल म्हणून जीव मुठीत धरते. तिकडं संडास हाय, सैपाकाची खोली हाय. आणि तुमी सरळ भिंती पाडून राहिलात. लेकरांसाठी का तुमच्यासाठी?"

दुसऱ्या दिवशी शेषराव सगळ्यांच्या आधी कामावर होते आणि हात पुन्हा पहिल्यासारखा चालायला लागला. मुन्नाच्या नकाशात नसलेल्या दोन बुटक्या पायऱ्या आणि गुडघ्याएवढी तोटी तेवढी त्यांनी परस्पर बसवली. मुन्ना ओरडला. "मालकांना विचार," शेषराव म्हणाले आणि गिलाव्याला लागले.

हळद काढायच्या आधी लेकरं नव्या इमारतीत गेली. ग्रामसभेत ग्रामसेवकानं, तोही आता चौथा की पाचवा, चाचरत विषय काढला : बालवाडी हलली, तेव्हा घरावर पट्टी पुन्हा बसंल. तातेराव काठी टेकत उठले.

"काही बसवू नका. माझा स्वप्निल त्या घरात शिकला. मिस्त्री हायेत तोवर माफी चालू द्या. आमी समदे हात वर करतो."

हात वर झालेही. स्वप्निल आता पंचायतीचा सदस्य. त्यानं दोन्ही वर केले. शेषराव मागून उठले.

"माफी लेकरांची व्हती. लेकरं गेली, माफी गेली. बसून खायला मी काय खरा इनामदार हाय का?"

सभा क्षणभर थिजली. मग हसण्याचा एकच लोट उठला, आणि त्यात सगळ्यात मोठ्यानं, खोकला येईस्तोवर, तातेराव हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषराव निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन स्टुलावर चढले. 'माफ' पुसलं. 'घरपट्टी' पुसलं. 'बालवाडी'पाशी ब्रश आला आणि तिथंच लटकला. पडवी खरंच लई मोठी झाली होती. आपल्या श्वासाचाही आवाज येत होता.

"मिस्त्रीकाका, काकू हायेत का?"

खाली पुनम उभी होती, स्वप्निलची बायको, पार्वतीबाईंची सून. कडेवर वर्षाची पोर. मागं हळद काढायला निघालेल्या आणखी दोघी, एक बौद्धवाड्यातली, एक वरच्या आळीची. दोघींच्या काखेत दोन गाठोडी. त्यातलं एक रडत होतं.

"आत्याबाई म्हणल्या इथंच ने," पुनम म्हणाली. "ज्योतीताई एवढी बारकी घेत न्हाईत. शेतात ऊन लई लागतंय. सांजच्यापर्यंत ठेवता का?"

शेषराव काही बोलायच्या आत पद्माबाई बाहेर आल्या, पोर घेतली, तिचं नाक पुसलं आणि छताच्या कडीला जुन्या लुगड्याची झोळी बांधायला लागल्या. ती कडी मिस्त्रींनीच बसवलेली, धम्मानंदच्या वेळची.

बाया गेल्यावर पद्माबाई झोळीला झोका देत म्हणाल्या, "उगंच पुसलं. आता पुन्हा अर्ज करा माफीचा."

"न्हाई करत," शेषराव स्टुलावरून म्हणाले. "बराबर पट्टी भरून ठेवतो. मग बघू कोण लेकरं काढून नेतंय."

त्यांनी ब्रश डब्यात बुडवून ठेवला. 'बालवाडी' चौकटीवर तशीच राहिली. रडणारं गाठोडं अजून रडत होतं, तेव्हा ते खाली उतरले, हात धुवायला तोटीशी वाकले आणि पडवीत आडवे झाले.