रिलायबल कशावरून?

दौलत सुर्व्यांचं विशेषणांशी वाकडं होतं. वागळे इस्टेटमधल्या पंपांच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात पंपांची माहितीपुस्तकं लिहिण्यात घालवली, तीही इंग्रजीतून. पंप कसा बसवायचा, कसा उघडायचा, आवाज यायला लागला तर आधी काय बघायचं. सेल्सच्या पोरांनी कुठे 'रिलायबल पंप' असं लिहून पाठवलं, की सुर्वे चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "रिलायबल कशावरून? किती तास न थांबता चालवलात? चाचणीचा कागद आहे?" कागद नसला की शब्दावर लाल रेघ.

"जे मोजता येत नाही ते विशेषण लिहायचं नाही," ते म्हणायचे. "आपण माहितीपुस्तक लिहितोय, स्थळाची जाहिरात नव्हे, गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष."

त्यांचं बरोबरच होतं म्हणा. 'सफिशियंट ऑइल घाला' असं लिहिलं तर कोणी वाटीभर घालतो, कोणी डबाभर, आणि पंप बसतो बोंबलत. कारखान्यात त्यांच्या पुस्तकांना मान होता. पण माणसाने कामावरची शिस्त कामावर ठेवून घरी यावं, ते सुर्व्यांना कधी जमलं नाही. डोंबिवलीच्या घरात विनिताबाई नवी साडी नेसून "कशी दिसते?" म्हणून विचारायच्या, तर हे मान वर करून सांगायचे, "निळी." पुढेपुढे त्यांनी विचारायचंच सोडलं.

त्याच कारखान्यात खाली वर्कशॉपमध्ये काळुराम केणे होता, पंप जोडणारा फिटर. आंबिवलीच्या बाजूचा, पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच. वाडवडिलांच्या भातशेतीवर आता इमारती उभ्या होत्या, मुलांच्या दारात गाड्या होत्या, तरी हा आपला रोज डबा घेऊन कामावर हजर. का येतोस विचारलं तर म्हणायचा, "घरी बसून काय करू? भिंती मोजू?"

या दोघांची काम करायची एक पद्धत होती. नवीन पुस्तकाचा मसुदा झाला की सुर्वे तो घेऊन खाली यायचे आणि एकेक पायरी मराठीत वाचायचे. काळुरामला इंग्रजी येत नव्हतं. पंप मात्र त्याने असंख्य वेळा उघडलेला. पण त्या वेळी तो आपलं ज्ञान बाजूला ठेवायचा आणि ऐकलं तेवढंच करायचा. "तुमी वाचाल तसा करनार," तो म्हणायचा. "बिघडला तर तुमचा पुस्तक बिघडला." एकदा मसुद्यात आधी तेल काढून घ्यायची पायरी राहून गेली. काळुरामला ते कळत होतं. तरी सुर्व्यांनी 'नट काढा' म्हटल्यावर त्याने नट काढला, आणि सगळं तेल सुर्व्यांच्या नव्या बुटांवर. "आता लिवा," काळुराम गंभीरपणे म्हणाला. मग दोघं इतके हसले की सुपरवायझर बघायला आला.

आणि विनिताबाईंचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट. सुर्वे गिऱ्हाइकाकडे बडोद्याला अडकलेले, मुलगी शिवानी लहान. धावतपळत ते ठाण्याच्या हॉस्पिटलात पोचले तर जिन्याच्या पायरीवर काळुराम बसलेला, डोळे तारवटलेले. रक्ताची सोय त्याने केली होती, औषधं त्याने आणली होती, आणि शिवानीला आपल्या घरी बायकोकडे, तुळसाबाईंकडे नेऊन ठेवलं होतं. "वहिनी बरी हाय. मी निंगतो कामाव," म्हणाला आणि उठला. सुर्वे म्हणाले, "बरं, ये." आभार मानायचे तर कुठला तरी मोठा शब्द वापरावा लागला असता. तो त्यांच्या तोंडी नव्हता.

काळुरामच्या निवृत्तीचा दिवस आला. कारखान्यात रिवाज असा, की निवृत्त होणाऱ्याला काचेच्या फ्रेममध्ये मानपत्र द्यायचं, आणि तेही इंग्रजीत. घेणाऱ्याला वाचता येवो न येवो, इंग्रजी भिंतीवर भारी दिसतं. एचआरच्या प्रियांकाने मजकूर लिहिला आणि कारखान्यातला प्रत्येक इंग्रजी कागद जसा सुर्व्यांच्या लाल पेनाखालून जायचा, तसा हाही आला.

मजकुरात काळुराम 'डायनॅमिक' होता, 'व्हिजनरी' होता. सुर्व्यांनी दोन्ही शब्द उडवले, आणि त्याबद्दल त्यांना कोणी नावं ठेवू नयेत. पुढे शब्द आला, 'रिलायबल'.

पेन थांबलं. शब्द खरा होता, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. पण उभ्या कारखान्याला ज्या शब्दासाठी झोडपलं, तोच शब्द मित्रासाठी ठेवला तर सेल्सची पोरं काय म्हणतील? 'सुर्वेसाहेब, चाचणीचा कागद?' त्यांना ते हसणं आत्ताच ऐकू यायला लागलं. त्यांनी रेघ मारली. आपल्या नावाच्या टेंभ्यापायी मारली, दुसरं काही नाही.

मग उरलं काय? केणे यांनी असेंब्ली विभागात काम केले. त्यांनी अमुक प्रकारचे पंप जोडले. त्यांच्याविरुद्ध तक्रारीची नोंद नाही.

समारंभ कँटीनमध्ये झाला. केण्यांचं सगळं कुटुंब नटूनथटून आलं होतं. तुळसाबाई पहिल्या रांगेत, शेजारी कॉलेजात जाणारी नात निशिगंधा. सुर्व्यांनी मानपत्र वाचलं. इतक्यात संपलं हे लोकांना कळलंच नाही, टाळ्या उशिरा पडल्या. तुळसाबाईंनी नातीला मोठ्याने विचारलं, "काय लिवलाय गो पोरी?" प्रियांकाला वाटलं, छान कल्पना आहे. तिने माइक निशिगंधाच्या हातात दिला आणि मराठीत सांग म्हणाली.

निशिगंधाने फ्रेमकडे बघितलं. मग आजोबांकडे बघितलं. ते ताठ बसले होते, टोपी सारखी करत.

"यात लिहिलंय," ती म्हणाली, "की आमचे आजोबा या कंपनीतले सगळ्यात भरवशाचे माणूस. त्यांच्यावर डोळे मिटून विसंबावं. त्यांनी एकदा हो म्हटलं, की मागे वळून बघायची गरज नाही."

काय टाळ्या पडल्या! सुर्वे तेवढे हात जोडून तसेच उभे. काळुराम त्यांच्याकडे आला, डोळे भरलेले. "साहेब, तुमी कुनाला उगा चांगला म्हननारे नाय. तुमी लिवला म्हंजे तपासून लिवला."

सुर्व्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहाच्या टेबलापाशी निशिगंधा हळूच म्हणाली, "सर, तुमच्या कागदात तसं काहीच नव्हतं. पण आजीला मी काय सांगणार होते?" ती रागावलेली नव्हती, तेच जास्त लागलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तशी गत. जगाकडे पुरावा मागत फिरणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात पुरावा होता, विनिताबाईंच्या रूपाने. रोज सकाळी त्याला चहा करून देत होता.

पुढे सुर्वेही निवृत्त झाले. ही गोष्ट त्यांनी फक्त विनिताबाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, "मग आता जा आणि तोंडाने सांगा त्यांना."

"सांगायला गेलो तर आधीचे शब्द माझे नव्हते, हेही सांगावं लागेल. त्याच्याकडे आहे तेवढंही काढून घेऊ?"

असं करत दिवस गेले. आंबिवलीला जायचं म्हणायचे आणि उलट दिशेला माजिवड्याला भाचीकडे जाऊन यायचे.

मग कळलं, साखरेच्या दुखण्याने काळुरामची नजर गेली. तेव्हा मात्र गेले. बाहेरच्या खोलीत देवांच्या तसबिरींशेजारी ती फ्रेम लावलेली. तुळसाबाई कौतुकाने म्हणाल्या, येईल त्याला दाखवतात. काळुरामने आवाजावरून ओळखलं आणि हात पुढे केला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, त्या तेलाने भिजलेल्या बुटांची आठवण निघाली. मग त्याने निशिगंधाला फ्रेम काढून आणायला लावली आणि मांडीवर घेतली.

"साहेब, पयल्यासारका वाचा. तुमी वाचनार, मी ऐकनार."

सुर्व्यांनी वाचलं. इतकी वर्षं या माणसाने त्यांनी वाचलेल्या प्रत्येक शब्दाबरहुकूम हात चालवला होता, आणि आज पहिल्यांदाच ते कागदावर नसलेलं वाचत होते. निशिगंधाचेच शब्द, जसेच्या तसे. त्यांना ते पाठ होते.

"त्यो भरवशाचा सबूद कंचा?" काळुरामने विचारलं. "माजा बोट ठेवा त्याच्याव."

निशिगंधा दारात उभी होती. सुर्व्यांनी काळुरामचं बोट धरलं, नटबोल्ट आवळून निबर झालेलं, आणि काचेवर फिरवत एका शब्दावर आणून ठेवलं. तो शब्द होता 'असेंब्ली'.

"हा," ते म्हणाले. "रिलायबल."

"रिलायबल," काळुराम घोळवून म्हणाला. मग त्याला जुनी आठवण झाली आणि तो खुदकन हसला. सुर्व्यांच्याच ठेक्यात त्याने विचारलं, "रिलायबल कशावरून?"

सुर्वे म्हणाले, "विनिताच्या ऑपरेशनच्या वेळी मी आलो तर तू जिन्यात बसलेला होतास. रात्रभर. शिवानी तुझ्या घरी होती. मी तुला नुसतं 'बरं, ये' म्हणालो."

काळुरामचं बोट अजून काचेवरच होतं.

"ह्या बी लिवलाय यात?"

"नाही," सुर्वे म्हणाले. "ते लिहायचं राहिलं माझ्याकडून."