आण्णांनी उत्क्रांती पाळली

शिवाजी पेठेत कुणी गेलं की डॉक्टरांच्या आधी आण्णांना कळतं, असं लोक म्हणतात आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीतून निवृत्त झाल्यापासून आण्णांनी हे एकच काम अंगाला लावून घेतलं आहे. तिरडी कुणी बांधायची, दहनाला शेणी-गोवऱ्या कुठून आणायच्या, रक्षाविसर्जनाला कधी जमायचं, सगळं तेच सांगतात. मुख्य म्हणजे सुतक कुणाला लागतं आणि कुणाला नाही, याचा निकाल तेच देतात. निकाल ठरलेला असतो: सगळ्यांना लागतं.

कुणी चाचरत म्हणालं, "आण्णा, वाटण्या होऊन चार पिढ्या गेल्या की," तर आण्णा गरजतात, "वाटणी जमिनीची झालीया, रक्ताची न्हाय!" या एका वाक्यावर पेठेतली बरीच लग्नं पुढं गेली आहेत. धोंडुबाईच्या पोराचं लग्न तर ऐन हळदीच्या दिवशी थांबलं, तेही गडहिंग्लजच्या अशा एका चुलत्यासाठी, ज्याचं तोंड घरात कुणी पाहिलं नव्हतं. धोंडुबाई अजूनही आण्णा दिसले की तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. ते आशीर्वाद नसावेत.

आण्णांची मुलगी अनुजा कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि संध्याकाळी बाहेरच्या खोलीत शिकवण्या घेते. एकदा तिनं उत्क्रांतीचा धडा घेतला. फळ्यावर झाड काढलं. खाली एक खोड आणि वर फांद्या: माणूस, चिंपांझी, बकरी, कोंबडी, मासा. मधल्या खोलीत पेपर वाचत बसलेले आण्णा चष्मा सावरत बाहेर आले.

"ही कुणाची वंशावळ?"

"सगळ्यांची, आण्णा. माणूस आणि चिंपांझी साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. आणखी मागं गेलं की बकरी, कोंबडी, मासा, सगळे एकाच मुळाचे."

"म्हंजे वाटणी झाली."

"तसं म्हणा हवं तर," अनुजा म्हणाली, आणि हे वाक्य आपण का बोललो याचा तिला पुढं फार पश्चात्ताप झाला.

उत्क्रांती मानणारे कोल्हापुरात पुष्कळ आहेत. कुणी परीक्षेतल्या गुणांपुरती मानतो, कुणी चार लोकांत शहाणं दिसावं म्हणून मानतो. पण पाळत कुणी नाही. आण्णांनी ती पाळायला घेतली. सारी सृष्टी भाऊकी, आणि भाऊकीत रोज कुणी ना कुणी जाणारच. तेव्हा देवघरातला दिवा बंद, अंबाबाईचं दर्शन बंद, गोडधोड बंद, कढई पालथी. मटणाच्या दुकानावरून जाताना ते थांबले आणि टांगलेल्या बकऱ्याला हात जोडून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "मयत कधी झालं?"

"सक्काळीच की आण्णा," दुकानदार म्हणाला. "एकदम ताजं हाय."

"मागं कोण कोण हाय?"

दुकानदारानं बाजूला बांधलेली दोन बकरी दाखवली. "ही दोन हायती बगा. पर दुपारपतोरच."

आण्णांचे डोळे भरून आले. बाळाबाई, म्हणजे त्यांची बायको, सगळ्या पेठेला सांगत सुटली की ह्यांच्या डोक्यात फौंड्रीची वाळू गेलीय.

हा सगळा तमाशा हसण्यावारी गेला असता, पण मध्ये अनुजाचं लग्न होतं. तिला अतुलशी लग्न करायचं होतं. अतुल शिरोलीतल्या बौद्ध घरातला. त्याचे वडील गणपती आणि आण्णा कितीतरी वर्षं एकाच भट्टीवर कामाला होते. आण्णा जातीवरून आडवे येणार हे धरून अनुजानं कायद्यापासून रडण्यापर्यंत सगळी तयारी करून ठेवली होती.

"तो बौद्ध आहे म्हणून तुम्ही नाही म्हणणार असाल तर..." तिनं सुरुवात केली.

"बौद्ध हाय म्हणून कोण न्हाय म्हणतंय?" आण्णा दुखावले. "माणूस सगळा एक, ह्ये तूच शिकिवलंस की! परका असता तर आत्ता हळद लावली असती. पर त्यो भाऊ लागतोय गं तुझा. भाऊकीत लगीन हुतं व्हय? त्यात आनि ह्ये सुतक!"

अनुजाची सगळी तयारी वाया गेली. "आधी परका म्हणून नको झाला असता, आता सख्खा म्हणून नको," ती रडत म्हणाली. "नको ते नकोच ना, आण्णा?"

बाप भाबडा आहे की बेरकी, हे तिला कळेना. खरं सांगायचं तर आण्णांनाही ते नीट ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची त्यांना घाईही नव्हती. अनुजानं डोळे पुसले आणि बजावलं, "रविवारी ती माणसं येणार आहेत. काय सांगायचं ते त्यांच्या तोंडावर सांगा."

रविवारी गणपती, त्यांची बायको मीनाबाई आणि अतुल आले. आण्णांनी आदरानं बसवलं. चहा आला, तो बिनसाखरेचा.

"साखर सोडलासा व्हय आण्णा?" गणपतींनी विचारलं.

"सुतक हाय."

"आरं! कोण गेलं?"

"सगळीच," आण्णा म्हणाले, आणि त्यांनी माशापासून माणसापर्यंतची वंशावळ उलगडून सांगितली.

गणपतींनी बशी खाली ठेवली. "मला आपलं एवढंच कळालं, की तुमी न्हाय म्हणालायसा."

"मी कुठं म्हणालोय? नियम म्हणतोय."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बाळाबाई लसूण सोलत बसली होती. लेकीच्या शिकवण्या तिनंही भिंतीआडून ऐकल्या होत्या, फक्त बोलली कधी नव्हती. "अनू," ती म्हणाली, "ही वंशावळ बाईकडनं मोजली तर? आई, आईची आई, तिची आई?"

"तरी एकाच बाईपाशी पोचते, आई. आफ्रिकेतल्या."

"मग झालं की! अवो, आईकडनं मोजलं तर मीनाबाई तुमची कोण?"

आण्णा सावध झाले. पण विचारलं की नातं सांगायचं, ही जन्माची खोड. "भण लागती."

"तिचा पोरगा?"

"भाचा."

"आनि मामाची पोरगी भाच्याला?"

आण्णा चष्मा पुसू लागले. उत्तर सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं: हक्काची.

"आनि लांबच्या भणीकडचं सुतक किती दिस?"

हा निकाल आण्णांनीच आयुष्यभर दिला होता. "आंघोळ केली की फिटतं," ते पुटपुटले.

"सकाळी केलासा न्हवं?"

"केली."

अतुलला हसू आवरेना. अनुजा आईकडं बघतच राहिली. आपल्याच नियमात अडकल्याचं आण्णांना वाईट वाटायला हवं होतं. पण त्यांना इतकं हलकं वाटलं की तेच चपापले. दोन्ही हात पसरून ते म्हणाले, "अक्का! साखर आणायला सांगतो."

मीनाबाई हसल्या नाहीत. "भण म्हणालासा, बरं वाटलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "पर आण्णा, ह्यांच्याबरूबर एका भट्टीवर इतकी वर्सं काढलासा. आमच्या दारावरनं तुमची सायकल जायाची. दर येळी ह्ये म्हणायचे, पाणी पिऊन जावा. तुमी म्हणायचासा, पुन्यांदा कवातरी." त्यांनी आण्णांकडं सरळ बघितलं. "तवा कुठलं सुतक हुतं?"

बाळाबाईचा लसूण हातातच राहिला. सगळ्या पेठेचे निकाल देणाऱ्या आण्णांना एकही नियम आठवेना. मनातून त्यांना फार लाज वाटली, आणि ती लपवायची कशी तेही कळेना. मग ते उठले आणि दाराशी जाऊन चपला पायात घालू लागले.

"अवो, कुठं निघालासा?" बाळाबाईनं विचारलं.

"शिरोलीला. पाणी प्यायचं राहिलंय."

पाठोपाठ सगळेच उठले आणि रिक्षानं शिरोलीला पोचले. मीनाबाईंनी घरात जाऊन तांब्या भरून आणला. आण्णांनी तो उभ्यानंच संपवला, आणखी एक मागून घेतला, आणि मग लग्नाचं बोलायला खाली बसले.