चांदीची पट्टी

मी अकरा वर्षांचा असताना वडिलांनी माझ्या तोंडावर पितळी तांब्या मारला. त्रैराशिक चुकलं होतं, एवढंच कारण. वरचे दोन दात पडले नाहीत, पण आत वळले. हिरड्या भरून आल्या तेव्हा मला भाकरीचा तुकडाही तोडता येईना.

वडील ठाण्याच्या कचेरीत कारकून. तिथे त्यांचा चढलेला आवाज कोणी कधी ऐकला नव्हता. त्यांच्या साहेबाने एकदा मला पाहून विचारलं, मुलाच्या दातांना काय झालं?

"पायरीवरून पडला," वडील म्हणाले.

विलायतेत असे दात पट्टी बांधून सरळ करतात, असं सांगून साहेबाने कागदावर चित्र काढून दिलं. साहेबाने सांगितलं म्हणजे ते करणं आलंच.

कल्याणला राहणाऱ्या मामाच्या ओळखीचा एक सोनार होता. त्याने चित्राबरहुकूम चांदीची वाकवलेली पट्टी घडवली. ती दातांच्या पुढून बसवायची, टोकं दाढांना तारेने बांधायची आणि आत गेलेले दात दुसऱ्या तारेने पट्टीकडे ओढायचे.

"डोकं घट्ट धरा. हललं तर हिरडी फाटेल," सोनार म्हणाला.

वडिलांनी माझं डोकं गुडघ्यांत आवळलं. चिमट्याने तार पिळली तसं रक्त घशात उतरलं. मी सोनाराचं बोट कडकडून चावलं. तो बोट धोतराला पुसून पुन्हा कामाला लागला. कान पिरगळला तो वडिलांनी.

मग दर रविवारी कल्याण, आणि तारेला आणखी एक पीळ. रात्रंदिवस डोकं ठणकायचं. आई पेज भरवायची. पण दोन महिन्यांत दात खरोखर पुढे आले. वडील बोटाने माझा ओठ वर करून पाहायचे आणि खूश व्हायचे. खोटं कशाला सांगू, मलाही तेव्हा बरं वाटायचं.

एका रविवारी निघायच्या आधी माझ्या हातून त्यांच्या कचेरीच्या कागदांवर दौत उपडी झाली. त्यांनी मूठ वळून मारली. पट्टीचं टोक सुटून माझ्या ओठातून आरपार गेलं आणि त्यांची बोटंही तारेने फाटली. त्यांनी हाताकडे पाहिलं आणि तोच हात पुन्हा उगारला.

आई स्वयंपाकघरातून मुसळ घेऊन आली. तिने ते त्यांच्या हातावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"पुन्हा त्याच्या अंगाला हात लावलात तर दुसराही मोडीन," ती म्हणाली. त्यांच्या नजरेला नजर देऊन बोलताना मी तिला प्रथमच पाहिलं.

दुपारच्या गाडीने आम्ही दोघं कल्याणला गेलो. सोनाराने तार कापली, ओठातून पट्टी ओढून काढली. या वेळी माझं डोकं आईच्या मांडीवर होतं.

"कुणी मारलं?" त्याने विचारलं.

"त्याच्या बापाने," आई म्हणाली.

आम्ही मामाकडेच राहिलो. महिन्याभराने वडील आले, हात गळ्यात बांधलेला. मामाने त्यांना ओटीच्या आत येऊ दिलं नाही.

"दात बघू दे," ते मला म्हणाले.

मी तोंड मिटून उभा राहिलो.  ते ओटीवरून उठून, चपला घालून स्टेशनच्या वाटेला लागले.