परिपाठात फाडलेलं पुस्तक

“मावशी, अजून बारीक फाडा. एक अक्षर दिसता कामा नये.”

मोठ्या बाई हे माइकवर बोलल्या. समोर अख्खी शाळा परिपाठाला उभी. स्टेजवर माझी आई, हातात पुस्तक. आई शाळेतले संडास धुवायची, म्हणून सगळ्यांची मावशी. माझीसुद्धा. शाळेत आईला आई म्हणायचं नाही, असा बाईंचा नियम होता आणि मी तो निमूट पाळायचे. तिला वाचता येत नव्हतं. पान उभं फाडायची, मग आडवं, आणि बाईंकडे बघायची, पुरे का म्हणून.

मी बाजूला उभी. नववीत होते.

डोंबिवलीतली नावाजलेली शाळा. आईच्या नोकरीमुळे मला फी माफ. पुस्तक शाळेचंच, वर शाळेचा शिक्का. गठ्ठ्याने आलेली पुस्तकं, कपाटात पडून होती, कोणी उघडली नव्हती. मी उघडलं. चौदा वर्षांच्या मुलीची कादंबरी. घरातलाच काका तिच्या अंगाला हात लावतो. एक दिवस ती भर गल्लीत त्याचं नाव घेऊन ओरडते. मी हादरलेच. अरे, हे असं छापतात? मलाही असा एक भेटलेला. मी गप्प बसलेले.

मग मी ते वर्गातल्या मुलींना द्यायला लागले. एकीने वाचलं की दुसरीला. परिपाठात रोज एकजण पुस्तकाबद्दल सांगतो. माझी पाळी आली तेव्हा सांगून टाकलं, “हे सगळ्या मुलींनी वाचा. मुलांनी पण वाचा.”

माझ्या हातून ते घेतलेल्या मुलींत एक होती. तिचं नाव नाही सांगत. शाळेला जागा दिली त्या घरातली. मी परिपाठात बोलले त्याच संध्याकाळी तिने घरी एक नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. ज्याचं नाव घेतलं त्याला कोणी जाब विचारला नाही. विचारलं हे, की पुस्तक कोणी दिलं.

दुपारी फळ्यावर सूचना लागली. पुस्तकावर बंदी. ज्याच्याकडे सापडेल त्याचं नाव कमी होईल.

मला आणि आईला ऑफिसात बोलावलं. बाई म्हणाल्या, “संडास धुणाऱ्यांच्या घरात चालत असेल हे. ही घाण चांगल्या घरांत न्यायची नाही.”

मी विचारलं, “बाई, तुम्ही पूर्ण वाचलंत का?”

त्यांच्यापुढे एकच पान उघडं होतं, लाल पेनने खुणा केलेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आईला म्हणाल्या, “मावशी, हिला समजवा.” आईने माझ्या थोबाडीत मारली. मग बाईंकडे बघितलं. मग दुसरी मारली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हा परिपाठ. फाडून झालं. बाईंनी एक कागद माझ्या हातात दिला, त्यांच्याच अक्षरातला. ‘मी घाणेरडं पुस्तक वाचलं आणि इतरांना दिलं. माझ्यावर घरचे संस्कार नाहीत. मी सर्वांची माफी मागते.’

आई हळूच म्हणाली, “वाच गं पोरी. पाया पडते तुझ्या. नोकरी जाईल.”

मी वाचणार होते. खरंच वाचणार होते. तेवढ्यात रांगेत ती मुलगी दिसली. तोंडावर रुमाल दाबून माझ्याकडे बघत होती. मी पुस्तकाला घाणेरडं म्हटलं असतं, तर तिने घरी सांगितलं तेही घाणेरडं ठरलं असतं. सगळ्या शाळेसमोर, माझ्या तोंडून.

“पुस्तक घाणेरडं नाही,” मी म्हणाले. “मिळेल तिथून मिळवा आणि वाचा.”

माइक बंद झाला. मी तेच परत ओरडून सांगितलं.

दुपारपर्यंत आईची नोकरी गेली. माझ्या हातात दाखला दिला. ती मुलगी परत शाळेत दिसली नाही. मी तिला वाचवलं वगैरे काही नाही, उगाच कोणी तसं म्हणू नका. तिचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

दहावी मी बाहेरून दिली. आता वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगला आहे. ते पुस्तक जुन्या बाजारात सापडलं की घेते आणि कंपनीतल्या मुलींना देते. मागच्या आठवड्यात सुपरवायझर म्हणाला, “तक्रार आलीये. हे वाटप बंद कर, नाहीतर बघ.” मी म्हटलं, “बघा तुम्हीच.” दुसऱ्या दिवशी अजून एकीला दिलं.

आई आता दोन बिल्डिंगचे जिने झाडते. गुडघे गेलेत तिचे. अजून म्हणते, “चार ओळी वाचल्या असत्यास तर काय झालं असतं?” नोकरी राहिली असती, आई. गुडघेही राहिले असते. मला माहितीये, आणि रोज तुझ्याकडे बघून मला ते टोचतं. तरी त्या चार ओळी मी वाचणार नाही. तेव्हा नाही वाचल्या, उद्या परत उभं केलं तरी नाही.