कुड्याची साल आणि गावाची शीव

कुड्याच्या सालीला मी आजही नावं ठेवत नाही. डोंगरातून आणलेली साल माझी सासू सावलीत वाळवायची, सहाणेवर ताकात उगाळायची, आणि आव पडलेला धडधाकट गडी दोन दिवसांत पुन्हा नांगर धरायचा. तोंड वाकडं करत मीही ती घेतली आहे. माझं भांडण होतं सासूच्या नियमाशी. साल पोटात गेली की तीन दिवस रोग्यानं गावाची शीव ओलांडायची नाही, नाहीतर औषध उतरतं, म्हणजे त्याचा गुण जातो. चाळीसगाव तालुक्यातलं आमचं अख्खं गाव हा नियम पाळायचं. मी जळगावात वाढलेली, दहावी झालेली. म्हणजे गावाच्या मते शिंगं फुटलेली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझ्या आठ महिन्यांच्या मुलीला जुलाब लागले. सासूनं साल दिली. दुसऱ्या दिवशीही थांबेनात, म्हणून दुप्पट दिली. दुपारी जुलाब थांबले खरे, पण पोट टम्म फुगलं, डोळे खोल गेले, आणि रडताना डोळ्यांत पाणी येईना. जमलेल्या बायका म्हणाल्या, गुण आला. मला दिसत होतं, पोर हातची चालली.

मी तिला पदरात गुंडाळलं. कुठं निघालीस म्हणत सासू दारात आडवी आली.

"कथा चालनी? शीव वलांडशी त औषध उतरी जाई!"

"उतरू द्या. मला पोर हवी आहे."

तिचा हात बाजूला सारून मी निघाले. शिवेवरच्या शेंदऱ्या दगडाला नमस्कारही केला नाही. डांबरी सडकेवर एसटीला हात केला आणि चाळीसगावचा सरकारी दवाखाना गाठला.

"तान्ह्या बाळाला साल? आणि दुप्पट?" डॉक्टर ओरडले. "अंगातलं पाणी संपलंय हिच्या!"

"मोठ्यांना गुण येतो," मीही फणकारले. तेवढ्यात सलाईन लागलं. नंतर रात्रंदिवस मी मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजत बसले. मी फार घाबरले होते.

चौथ्या दिवशी पोर कडेवर हसत होती. शीव ओलांडून मी ताठ मानेनं घरात शिरले आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कुठं उतरलं औषध?"

पोरीला मांडीवर घेऊन सासूनं पोट चाचपलं, डोळे निरखले.

"मनी पयली पोरना डोया बी असाच खोल गयथात," ती म्हणाली. "मी शीव नही वलांडी."