स्प्रिंकलरची खंडेनवमी

विम्याचं नाव काढलं की आमच्या कामगार संघटनेतले कार्यकर्ते जांभया देतात. मला मात्र संताप येतो. आग विझवायची यंत्रणा बसवणाऱ्या ठेकेदाराला जी पॉलिसी घ्यावी लागते ती एकदा वाचून बघा. पाइप फुटून मालकाच्या मालावर पाणी पडलं, भरपाई. ड्रिल मारताना शेजाऱ्याची भिंत ढासळली, भरपाई. आणि पाइप बसवणारा माणूस शिडीवरून पडला तर? तो ज्याच्या अंगावर पडेल त्याला भरपाई!

हे मला कळलं माझ्या मामामुळे. मामा आयुष्यभर पनवेलच्या दुकानांमधून आग विझवायचे लाल सिलिंडर भरून देत आला. नव्वद सालानंतर कळंबोलीत गोदामांचं पेव फुटलं आणि त्याला पहिलं मोठं काम मिळालं. फोमच्या गाद्यांचं गोदाम होतं. छताला पाइपांचं जाळं, त्याला लटकणारे स्प्रिंकलर. स्प्रिंकलरच्या तोंडाशी लाल पाण्याची इवलीशी काचेची नळी असते. आगीची धग लागली की ती फुटते आणि वरून धो धो पाणी. मालकाची अट एकच होती, "आधी विमा दाखवा, मग काम पूर्ण झाल्याची सही."

मामा विमा कचेरीत गेला तेव्हा मीही मागे लागून गेले. मी तिथल्या साहेबांना विचारलं, "यात पाइप बसवणारे फिटर कुठे आहेत?"

"रोजंदारीची माणसं रोज बदलतात, मॅडम. कुणाकुणाचा विमा उतरवायचा?"

"शिडी तर बदलत नाही ना? शिडीवर जो असेल त्याचा उतरवा."

साहेबांनी मामाकडे पाहिलं. मामाने छताच्या पंख्याकडे पाहिलं.

घरी येऊन मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'गाद्यांना विमा, माणूस वाऱ्यावर!' खांदा कॉलनीतल्या एका झेरॉक्सवाल्याने ते अर्ध्या भावात काढून दिलं, कारण त्याला ती गाद्यांच्या सेलची जाहिरात वाटली आणि त्याला गादी घ्यायचीच होती. मामाचा मुख्य फिटर जवळच्या ओवे गावचा, मामाहून वयाने मोठा. त्याला मी ते वाचून दाखवलं. तो विचारात पडला.

"ताई, चांगलं लिवलंय. पण लोकांना वाटंल, आमाला गाद्याच पायजेत."

तरी मी पत्रकं वाटली. विमा कचेरीच्या दारात सलग आठवडाभर उभी राहिले. शेवटी कंटाळून साहेब म्हणाले, "मी प्रत्यक्ष काम बघतो. तुमची माणसं नीट काम करतात असं दिसलं तर त्यांच्या अपघात विम्याचीही शिफारस करीन. पण एक चूक दिसली तर मला पुन्हा तोंड दाखवू नका." आता सगळं त्या एका भेटीवर अवलंबून होतं, आणि साहेबांनी दिवस दिला खंडेनवमीचा.

त्या दिवशी हत्यारांची पूजा असते हे मामीला सांगावं लागत नाही. साहेब येवोत नाहीतर राष्ट्रपती, पूजा होणार म्हणजे होणार. गोदामाचे मालक गावी देवीला गेले होते, त्यामुळे तिला अडवणारं कुणी नव्हतं. तिने पाट मांडला. पाइप पाने, ड्रिल, आटे पाडायची डाय, सगळं स्वस्तिकाच्या रांगोळीवर ठेवलं. हळद, कुंकू, झेंडू, वर आपट्याची पानं. पाणी बंद करायचा मुख्य व्हॉल्व्ह कुणी चुकून फिरवू नये म्हणून त्याला साखळी-कुलूप असतं. त्याची किल्लीही तिने पाटावरच ठेवली. "तीही हत्यारच," ती म्हणाली.

साहेब पांढऱ्याशुभ्र शर्टात आले. पंप बघितला, धोक्याची घंटा बघितली. मान डोलावली. मला वाटलं, जिंकलो. एवढ्यात मामीने वर बोट दाखवलं.

"मुख्य देव तर वरच राहिले की! भाऊ, त्या स्प्रिंकलरला हार घाला आणि ओवाळा."

फिटरने मामाकडे पाहिलं. मामा साहेबांना चहा देत होता. फिटर म्हणाला, "वहिनी, आरती वर न्यायची मंजी..."

"वर्षाचा सण आहे, भाऊ. आणि कापूर विझू देऊ नका हं."

तो चढला. एका हातात हार, दुसऱ्यात ताट, आणि शिडीला धरायला देवाचा भरवसा. आम्ही खाली आरती म्हणत होतो. त्याने हार अडकवला, भक्तिभावाने ताट स्प्रिंकलरच्या अगदी जवळ नेलं आणि एक, दोन, तीन असं सावकाश ओवाळू लागला.

टक्.

आधी काळं पाणी आलं. पाइपात साठून कुजलेलं, तेलकट, आटे पाडल्याच्या वासाचं. ते साहेबांच्या शर्टावर, मामीच्या पैठणीवर, खोबऱ्याच्या वाटीत. पंप सुरू झाला. धोक्याची घंटा घणघणू लागली, तर साहेब आरतीचीच घंटा समजून डोळे मिटून जोरजोरात टाळ्या वाजवत राहिले. फिटरचा पाय सुटला. तो ताटासकट गाद्यांच्या थप्पीवर आदळला, तिथून उसळला आणि फरशीवर घोट्यावर आला.

"किल्ली!" मामा ओरडला.

मामी पाटासमोर हात पसरून उभी राहिली. "पूजेला मांडलेलं हत्यार हलवायचं नाही! उद्या उत्तरपूजा झाल्यावर घ्या."

"अगं, उद्यापर्यंत गोदामाचा तलाव होईल!"

"वहिनी, हलवा हो!" साहेबांनी हात जोडले. अंगावरून काळे ओघळ.

"साहेब, तुमचं खातं विम्याचं. हे खातं वेगळं आहे."

शेवटी मार्ग मामीनेच काढला. तिने भिजल्या अक्षता घाईघाईने पाटावर टाकल्या, 'पुनरागमनाय च' म्हणत उत्तरपूजा तिथेच उरकली, किल्लीला नमस्कार केला आणि ती मामाच्या हातात दिली. पाणी थांबलं.

साहेब धावत गेले ते थप्पीकडे. वाकून त्यांनी सगळ्यात वरची गादी चाचपली.

"फाटली नाही ना?"

माझं डोकं फिरलं. "अहो, माणूस खाली विव्हळतोय! गादीला काय विचारता?"

"मॅडम, पॉलिसीत गादीची नोंद—"

"आणि तुमची?" मी विचारलं. "तुम्ही भिजलात, घसरला असतात, डोकं फुटलं असतं. तुमची नोंद कुठे आहे?"

ओल्या शर्टाचं टोक पिळत त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला असावा. पॉलिसी अजून सुरूच झाली नव्हती. त्या क्षणी त्या गोदामात ते आणि फिटर अगदी सारखेच होते, दोघंही उघड्यावर. ते फिटरच्या शेजारी फरशीवर बसले.

"दुखतंय का हो?"

"दुखतं तर हाय, साहेब. पन यंत्र चालतं, ते तरी तुमी पायलंत ना?"

साहेब हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "पाहिलं काय, अंगावर घेतलं."

फिटरला मामाने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. घोटा मुरगळला होता, मोडला नव्हता. गाद्या प्लास्टिकमध्ये होत्या, वाचल्या. दिवाळीआधी पॉलिसी आली. तिच्यात शिडीवर चढणाऱ्या सगळ्यांचा अपघात विमा होता, रोजंदारीवरच्यांचासुद्धा. खाली मात्र एक खास कलम टंकलेलं होतं: उंचीवर ज्योत घेऊन धार्मिक विधी करताना झालेली इजा वगळून.

मी भडकले. असं वगळायचं म्हणजे काय! त्याच संध्याकाळी लढायला निघणार होते. फिटरला कलम वाचून दाखवलं तेव्हा तो पायाला तेल चोळत बसला होता.

"ऱ्हाऊ द्या, ताई," तो म्हणाला. "हे कलम नाय काढायचं. फुडच्या खंडेनवमीला वहिनींना मीच दाखवनार हाय."